ऑइल अजून चांगलं आहे, खानम

मी ज्याच्या प्रेमात पडले, त्याचा आवाज मला पहिल्यांदा जमिनीच्या पोटातून ऐकू आला.

हसू नका. खरंच तसं झालं. त्या दिवशी आमच्या यझ्द शहरात वाळूचं वादळ सुटलं होतं. आमच्याकडे वसंत असाच येतो, एका हातात बदामाची फुलं आणि दुसऱ्या हातात मूठभर वाळवंट घेऊन. मी तफ्तच्या रस्त्याने घरी परतत होते. समोरची काच तपकिरी, आकाश तपकिरी, आणि सूर्य तांब्याच्या थाळीसारखा कुठेतरी लटकलेला. पुढचा रस्ता दिसेनासा झाला. उजव्या हाताला एका दुकानाचं शटर उघडं दिसलं, आत दिवा दिसला. मी चाक वळवलं आणि गाडी सरळ आत घातली.

"थांबा! जे कोणी असाल ते – थांबा!"

मी ब्रेक दाबला. दुकानात तर कुणीच नव्हतं. भिंतीला ऑइलचे डबे, कोपऱ्यात चहाचा समोवार, आणि आवाज... माझ्या पायांखालून.

"इंजिन बंद करा," आवाज म्हणाला. "दार हळू उघडा. आणि पाय बघून टाका, नाहीतर थेट माझ्या डोक्यावर टाकाल."

ते गाड्यांचं ऑइल बदलायचं दुकान होतं. मधोमध एक लांबट खड्डा खणलेला, आणि माझ्या गाडीची चाकं त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर अशी बसली होती, जणू कुणी दोरी लावून आखून दिलं होतं. वीतभर इकडे किंवा तिकडे झालं असतं, तर... आजही अंगावर काटा येतो.

खड्ड्यातून आधी एक हात वर आला, कोपरापर्यंत काळा. मग ऑइलने माखलेलं कपाळ. मग डोळे. आणि त्या सगळ्या काळ्या पसाऱ्यात ते डोळे इतके स्वच्छ होते, मधासारखे, की मी माफी मागायची विसरले.

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. वाकून दोन्ही चाकांकडे पाहिलं. "मोठमोठे ट्रकवाले इथे गाडी लावताना दहादा मागेपुढे करतात. आणि तुम्ही वादळात, डोळे मिटल्यासारखी आणून लावलीत?"

"मला खड्डा दिसलाच नाही."

"म्हणूनच जमलं," तो म्हणाला, आणि हसला.

त्याचं नाव नेमत. सगळे त्याला उस्ता नेमत म्हणायचे. कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात, मग तो पंचविशीचा का असेना. मी तेव्हा सरकारी दवाखान्यातली सुईण होते. वडील गेल्यावर त्यांची पांढरी पैकान गाडी माझ्याकडे आली होती, आणि ती घेऊन मी वाळवंटाच्या कडेच्या खेड्यांमधून बाळंतपणं करत फिरायचे. यझ्दच्या बायका खिडकीआडून बघायच्या आणि म्हणायच्या, 'असदुल्लाच्या पुतणीने तर घोडा सोडून वारा धरलाय.'

"वादळ ओसरेपर्यंत बसा," तो म्हणाला. "तोवर बघू तरी, हिच्या पोटात काय चाललंय."

त्याने बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. पट्टीच्या टोकाला काळा थेंब लोंबत होता. "हात पुढे करा, खानम," तो म्हणाला. बाईमाणसाला आमच्याकडे अदबीने खानम म्हणतात.

मी केला. त्याने तो थेंब माझ्या बोटावर टेकवला. बोटाला बोट लागलं नाही... पण लागल्यासारखं झालं.

"अंगठ्याने चोळून बघा. काय लागतं?"

"बारीक रव्यासारखं काहीतरी."

"तो तफ्तचा रस्ता आहे. तुम्ही सगळा गोळा करून आणलात. शेवटचं ऑइल कधी बदललं होतं?"

"अजून वेळ आहे. पाच हजार किलोमीटरला बदला, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिलं तिथे पाऊस पडत असेल."

"आणि तुमच्या खड्ड्यात काय पडतं?"

"आज तुम्ही पडणार होतात," तो म्हणाला.

मला हसू फुटलं. मग त्याने मला समजावून सांगितलं, एकदाही माझ्या ज्ञानाची कीव न करता, जसं दोन शेजारी हवामानाबद्दल बोलतात. इंजिन श्वास घेतं. आपल्याकडच्या हवेत धूळ. ती धूळ शेवटी ऑइलच गिळतं, आणि त्याचं पोट लवकर भरतं. म्हणून आपल्या बाजूला अडीच हजारांना बदलायचं. नुसत्या डांबरी रस्त्याने फिरणाऱ्याने साडेतीनला बदललं तरी चालेल. "त्याच्या आधी नको आणि नंतरही नको."

तो पुन्हा खड्ड्यात उतरला. तळाचा नट सुटल्याचा आवाज आला, आणि काळं, ऊन ऊन ऑइल एकाच धारेत खाली आलं. न तुटता, न थेंबाळता. मी काठावर उकिडवी बसून बघत राहिले. मग तो वर आला आणि नरसाळं लावून त्याने नवं ऑइल ओतायला सुरुवात केली. बाहेर सगळं जग तपकिरी झालं होतं, वारा शटरवर वाळू फेकत होता, आणि आत, दिव्याच्या उजेडात, ती सोनेरी धार... शांत, जाड, झळाळती. खजुराचा पाक असा पडतो. मी कितीतरी जन्म पाहिले होते, पहिला श्वास घेणारी मुलं हातात धरली होती. तेव्हा माझा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. तो माणूस त्या धारेकडे तसाच बघत होता.

"काळं झालं म्हणजे खराब झालं ना ते?" मी हळूच विचारलं.

"काळं झालं म्हणजे काम केलं, खानम. इंजिनची सगळी घाण त्याने स्वतःच्या अंगावर घेतली."

मी माझ्या बोटावरच्या काळ्या डागाकडे पुन्हा पाहिलं.

निघताना मी पैसे विचारले. "राहू द्या हो, तुमच्यापुढे त्याचं काय!" तो म्हणाला. मी आग्रह केला. तो नाही म्हणाला. मी पुन्हा आग्रह केला, मग त्याने डोळे खाली घालून पैसे घेतले. यालाच आम्ही तआरोफ म्हणतो. दारातून आधी कोणी जायचं यावरून आमच्याकडे दोन माणसं आतलं जेवण निवेपर्यंत उभी राहतात. 'तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो' असं म्हणत भाजीवाला वांगी तोलत असतो. सगळं गोड असतं. त्यात खरं किती, ते देव जाणे.

पण त्या गोड गावात एका बाबतीत एक माणूस तआरोफ करत नव्हता. हे मला पुढच्या भेटीत कळलं.

पुढची भेट फार लवकर झाली. महिनाही झाला नसेल. मी नवा निळा रुमाल डोक्याला बांधून गेले आणि ऐटीत म्हणाले, "उस्ता, ऑइल बदला."

त्याने पट्टी काढली, उजेडात धरली. "अजून सोनं आहे. जा."

"पण मी म्हणते ना, बदला."

"चांगलं ऑइल ओतून टाकायचं? माझ्या हातून नाही होणार."

"गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघतेय!"

"आणि न खराब झालेली गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक मीही," तो म्हणाला. "ऑइल अजून चांगलं आहे, खानम. वेळ झाली की या."

मी इतकी चिडले, की वाटेत दोन कोंबड्या थोडक्यात वाचल्या. आणि घरी पोचेपर्यंत त्या रागाचं काय झालं कुणास ठाऊक... मी स्वतःशीच हसत होते. सगळं यझ्द मला 'या, या' म्हणत होतं, आणि मनात काय होतं ते कळत नव्हतं. हा एकटाच 'जा' म्हणाला होता, आणि त्याच्या मनात 'जा'च होतं.

मग वेळ व्हावी कशी? गाडी चालवून.

मी पहाटे उठू लागले. खेड्यातलं काम उरकलं की तिथून परत फिरण्याऐवजी पुढे जायचे. पुढे म्हणजे जिथे रस्ता संपतो आणि कवीर सुरू होतं – मिठाचं रान. सुरुवातीला माझी नजर फक्त किलोमीटरच्या आकड्यावर असायची. लवकर फिर रे बाबा, लवकर फिर! पण एका सकाळी मी गाडी थांबवून खाली उतरले, आणि तो आकडा विसरूनच गेले.

पांढरं. नजर जाईल तिथपर्यंत पांढरं, आणि त्यावर षटकोनी भेगांचं जाळं, जणू कुणी अख्ख्या पृथ्वीला लोकरीच्या धाग्याने विणून ठेवलं होतं. सूर्य क्षितिजावर आला तसं ते सगळं मीठ गुलाबी झालं, मग केशरी, मग इतकं लख्ख, की डोळ्यांत पाणी यावं. आवाज नाही. पक्षी नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाहताना ऐकू येत होतं. मी तिथे हात जोडून नाही, हात सोडून उभी राहिले. हे सगळं माझ्या घरापासून काही तासांवर होतं, आणि मला माहीत नव्हतं! एका माणसाला भेटायचं म्हणून मी इथवर आले, आणि त्या माणसाने मला कुठे आणून सोडलं...

"गाडी पेट्रोल पिते की तू?" अमू विचारायचे. अमू असदुल्ला म्हणजे माझे काका. मला त्यांनीच वाढवलं. मिशा पांढऱ्या, स्वभाव लोण्याचा, आणि बोलणं इतकं अदबीचं, की चोर आला तरी त्याला आधी चहा विचारतील.

"बाळंतपणं वाढलीत, अमू."

"वाळवंटात माणसं तरी आहेत का एवढी?"

शेवटी वेळ झाली. मी दुकानात गेले. नेमत खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ वर आलाच नाही. नट सुटल्याचा आवाज नाही, काही नाही.

"काय झालं, उस्ता?"

"कुठल्या खेड्यात गेला होतात?" खालून आवाज आला.

"नेहमीच्याच."

"कुणाचं बाळंतपण होतं?"

"आता नाव काय लक्षात राहतंय!"

तो वर आला. चिमटीत काहीतरी पांढरं होतं. त्याने ते जिभेच्या टोकाला लावलं. "मीठ. तुमच्या गाडीच्या पोटाला सगळीकडे मीठ आहे. मिठाच्या रानात कोण बाळंत झालं, खानम?"

माझे कान तापले. मी समोवारकडे बघू लागले, जणू तिथे काही महत्त्वाचं लिहिलं होतं.

"आणि माझा अंदाज चुकला," तो पट्टी ओढून काढत म्हणाला. "तुमच्या सगळ्याच रस्त्यांना धूळ असेल असं धरून मी तुम्हाला अडीच हजार सांगितलं होतं. ऑइल बघा, अजून स्वच्छ आहे."

"मीठ कडक असतं," मी अजून समोवारशीच बोलत होते. "दगडासारखं. धूळ उडतच नाही. मला वाटलंच होतं."

"मग आलात कशाला?"

मी मान वर केली, आणि तो हसत नव्हता. तो नुसता बघत होता... त्याने हात धुतले, घासून घासून धुतले, आणि माझ्यासाठी चहा ओतला. कपात केशराच्या खडीसाखरेची काडी ठेवली.

"कसं असतं तिथे?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"मिठाच्या रानात. मी पाहिलेलं नाही."

मला खरं वाटेना. पण तो सांगत होता ते खरं होतं. वडील लवकर गेले, आणि तो शाळेच्या वयात या खड्ड्यात उतरला. तेव्हापासून यझ्दची वेस त्याने ओलांडली नव्हती. गाडी चालवायला शिकलाच नव्हता. शटरपासून खड्ड्यापर्यंत ढकलायची, एवढंच. "पण मला सगळे रस्ते ठाऊक आहेत," तो म्हणाला. "खालून. केरमानहून आलेल्या ट्रकच्या पोटाला तांबडी माती असते. बंदर अब्बासवाल्याच्या पोटाला गंज, कारण तिकडे समुद्राची हवा. बमची गाडी आली की खजुराचे तंतू अडकलेले असतात. मश्हदच्या बसला हिवाळ्यात चिखल, ओला. मी त्या चिखलाला हात लावून बघतो, आणि वाटतं... केवढा मोठा असेल हा देश."

मी चहाचा घोट घ्यायची विसरले. मी गाडी घेऊन वाऱ्यासारखी फिरणारी. आणि हा माणूस जमिनीच्या पोटात उभा राहून, डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून अख्खा देश बोटांनी वाचत होता! माझ्या छातीत काहीतरी उघडलं. ते मिठाचं रान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उघडलं होतं, तसंच.

मग मी त्याला सांगितलं. मिठाच्या भेगा, गुलाबी सकाळ, ती शांतता. तो डोळे मिटून ऐकत होता. मी थांबले की नुसता म्हणायचा, "आणि मग?"

त्यानंतर मला कारणं शोधावी लागली नाहीत. चाकात हवा कमी आहे, काच पुसायची आहे, इकडून जात होते... तो काही विचारत नसे. चहा ओतत असे. एकदा मात्र मी रडतच आले. अकदाच्या पलीकडच्या खेड्यात एका बाईचा रक्तस्राव थांबता थांबेना. ती वाचली, बाळही वाचलं. पण माझ्यामुळे नाही. देवाला दया आली म्हणून. काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. नेमतने स्टूल पुढे केलं, आणि मी रडत होते तोवर गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवत राहिला.

आणि मग शिराझचं बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात अवघड बाळंतपणांचं शिक्षण, वर्षभराचं. जाऊ की नको, ते नौरोझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधी कळवायचं होतं. माझ्यासारख्या सुईणीला असं काही पुन्हा मिळणार नव्हतं. मला जायचं होतं, खरंच जायचं होतं. पण एकदा गेलेल्या मुली मोठ्या शहरातून परत येत नाहीत हे मी पाहिलं होतं. परत यायला कुणीतरी ओढणारं लागतं. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं... की इथे कुणी आहे का.

मी दुकानात गेले. सांगितलं.

नेमतच्या हातातलं फडकं थांबलं. मग त्याने मान झुकवून म्हटलं, "मुबारक असो, खानम. तुमची जागा इथे रिकामी राहील."

तुमची जागा रिकामी राहील! अगदी हेच वाक्य सकाळी मला नानवाईने ऐकवलं होतं, रोटी कागदात गुंडाळता गुंडाळता. शेजारणीने ऐकवलं होतं. अख्खं यझ्द हेच म्हणत होतं. ज्या एका माणसाच्या तोंडून मला खरं ऐकायचं होतं, त्याने मला तआरोफ दिला.

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसलं. अमू दाराशी येऊन खाकरले आणि निघून गेले.

आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी नेमत आमच्या दारात उभा. केस विंचरलेले, हातात मिठाईचा डबा, नखं इतकी घासलेली, की बोटं लाल झाली होती. बरोबर त्याची आई, रुबाबे बीबी, ठेंगणी, काळ्या चादरीत गुंडाळलेली, डोळे तेच मधाचे. मागणी घालायला आले होते!

मी स्वयंपाकघरात चहा करायला पळाले. आमच्याकडे मुलीने चहाचा ट्रे घेऊन जायचं असतं, आणि तोवर मोठी माणसं बोलतात. पडद्याआडून एकेक शब्द ऐकू येत होता.

"तुमची पावलं आमच्या डोक्यावर, बीबी," अमू म्हणाले. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता. "पण खरं सांगतो, आमची पोर तुमच्या उस्ताच्या तोलाची नाही. स्वयंपाक येत नाही. शिवण येत नाही. दिवसभर गाडीत."

"तुमच्या जिभेला साखर लागो, आगा!" रुबाबे बीबी म्हणाल्या. "आमचा मुलगा कसला, खड्ड्यातला माणूस. तुमच्या परीसारख्या मुलीच्या चपलेची धूळ तो. तिला शिराझचा डॉक्टरच शोभेल."

"छे, छे! तुमच्या मुलाला तर हिऱ्यासारखी मुलगी मिळेल."

"नाही, आगा, तुमच्या मुलीला अडवायचं पाप आम्ही कशाला करू? ती जाऊ दे, मोठी होऊ दे."

"तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर, बीबी. तुम्ही म्हणता तर... तसंच."

मी ट्रे हातात धरून उभी. म्हणजे काय? म्हणजे झालं? दोघंही हो म्हणायला आली होती, आणि एकमेकांपेक्षा खाली वाकता वाकता दोघंही नाही म्हणून बसली होती! आता वर यायचं कोणी? आधी वर येईल तो उद्धट.

रुबाबे बीबी उठल्या. चादरीच्या टोकाने डोळे टिपले. अमूंनी तर अदबीचा कळसच केला. स्वतः वाकून पाहुण्यांचे जोडे दाराशी नीट सरळ मांडून ठेवले. त्यांचे हात जड झाले होते, मला दिसत होतं. नेमतने एक जोडा पायात घातला.

दुसरा घातला असता तर संपलं होतं.

"उस्ता!" मी पडदा सारून बाहेर आले. कपांतला चहा ट्रेमध्ये सांडला. "तुम्ही ऑइलच्या बाबतीत माझ्याशी कधी खोटं गोड बोलला नाहीत. आज तसंच बोला. मी शिराझला जाऊ की नको?"

"इशरत!" अमू पुटपुटले. मुलीने असं बोलायचं नसतं.

नेमत एका पायात जोडा घालून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. पट्टी उजेडात धरून बघायचा, तसं नाही. थेट.

"जा," तो म्हणाला.

माझ्या हातातला ट्रे कुणीतरी काढून घेतला. बहुधा अमूंनी.

"जा, कारण त्या दिवशी माझ्या दुकानात तुम्ही रडत होतात. पुन्हा तसं रडायची वेळ येऊ नये. शिकून या. आणि परत या. माझ्याकडे या. मी थांबतो. एक वर्ष म्हणा, पाच म्हणा. जागा रिकामी राहील म्हणालो, तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. मला म्हणायचं होतं... मला जमणार नाही, तुमच्याशिवाय. हे तआरोफ नाही."

बाहेर बादगीरच्या उंच मनोऱ्यातून वारा खाली उतरत होता, तेवढाच आवाज.

"म्हणजे मघाशी तुमचं तआरोफ होतं, बीबी?" अमूंनी हळूच विचारलं.

"तुमचं नव्हतं, आगा?"

"माझं तर होतंच!"

"मग आगा, माझंही होतं!" रुबाबे बीबी खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "देवा, आणि मी घरी चालले होते!"

"स्वयंपाक येत नाही, ते मात्र तआरोफ नव्हतं," अमू नेमतच्या कानाशी वाकून म्हणाले. "आताच सांगून ठेवतो."

नेमतने जोडा काढला. दोन्ही हातांनी, हळूच, दाराशी ठेवला. आणि आत आला.

नौरोझच्या आधी आमचा निकाह झाला. डोक्यावर पांढरं कापड धरून बायकांनी साखरेचे सुळके एकमेकांवर घासले, साखर आमच्या केसांवर पडत राहिली. सासरी नांदायला वर्षभराने जायचं ठरलं. आमच्याकडे तशी रीत असतेच. आणि शिराझला मला सोडायला तो येणार होता. गाडी मी चालवणार, तो शेजारी बसणार, आणि बसने एकटा परत येणार.

यझ्दची वेस ओलांडली तेव्हा त्याने दाराची कडी घट्ट धरली होती. तफ्त मागे पडलं. डोंगर आले, उतार आले. एक ट्रक समोरून येऊन खालच्या वळणाला उतरला, तेव्हा तो वळून, मान उंच करून वरून त्याच्या टपाकडे बघत राहिला. म्हणाला, "वरून असे दिसतात होय हे!"

अबरकूहच्या अलीकडे मिठाचं मैदान लागतं. सकाळचं ऊन नुकतंच त्यावर पडलं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

तो उतरला. दोन पावलं गेला, थांबला. वाकून मिठाला हात लावला, आणि बोटं चोळून बघायची त्याची सवय, तीसुद्धा विसरला. तळहात नुसता टेकवून ठेवला. मग उठला आणि चालत गेला, सरळ, पुढे पुढे. ज्याने आयुष्यभर डोक्यावर एका वेळी एकाच गाडीएवढं आकाश पाहिलं होतं, तो त्या अफाट पांढऱ्या उजेडात एवढासा होत गेला. मी गाडीला टेकून बघत राहिले. मला वाटलं, इतक्या मोठ्या गोष्टीपुढे माणूस घाबरेल, परत फिरेल. तो फिरला नाही. मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात थोडेसे पसरून, जणू कुणीतरी त्याच्या हातात काही ठेवणार होतं.

मग तो वळला.

"इशरत!" त्याने हाक मारली.

खानम नाही. तुम्ही नाही. तिथे डोंगर नाहीत, आवाज परत येत नाही. ती हाक माझ्यावरून पुढे गेली आणि जात राहिली.

"इशरत... ये ना!"

मी चपला काढल्या, गाडीचं दार उघडंच ठेवलं, आणि त्या थंड मिठावरून अनवाणी त्याच्याकडे चालत गेले.